डावी बाजू राहिली

१

शिरवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये गीझर आहे. गच्चीवर सोलरही आहे. दोन्ही मी स्वतः बसवलेत, आणि कारखान्यात पाइपलाइनचा फिटर असल्यामुळे ते नीट बसलेत हे मी छातीठोकपणे सांगतो. तरी माझी आई, नूरजहां, बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करते. भर थंडीतसुद्धा. गुडघे धरतात, बोटं मिटत नाहीत, डॉक्टर ओरडतात. ती मात्र बादलीतलं गार पाणी तांब्या-तांब्यानं अंगावर घेत राहते आणि मी बाथरूमच्या बाहेर दातओठ खात उभा असतो.

कारण मला ठाऊक आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा मिरजेच्या दवाखान्यात गेले. आमच्यात मयताला दफनाआधी आंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. बोरीचा पाला घालून उकळलेलं कोमट पाणी, आधी उजवी बाजू, मग डावी, आणि हात असा हलका ठेवायचा की जिवंत माणसालाही लागू नये. अब्बांना ते मिळालं नाही. त्यांना पिशवीत गुंडाळलं आणि तसंच नेलं. कुणाचा दोष नव्हता, तेव्हा नियमच तसा होता. आम्ही कब्रस्तानच्या फाटकाबाहेर उभे राहून लांबून बघितलं.

मौलानांनी अम्माची समजूत घातली होती. साथीत गेलेल्या माणसाला माफी असते म्हणाले. अम्मा म्हणाली, "अल्लानं माफ केलं आसंल. म्या न्हाई केलं." त्या दिवसापासून तिनं गरम पाण्याला हात लावला नाही. माणूस तसाच गेला आणि आपण ऊन पाण्यानं न्हायचं, हे तिला झेपत नाही.

मला ते बघवत नव्हतं. एवढीच माझी गोष्ट. आईनं एकदा तरी गरम पाण्यानं आंघोळ करावी, तिच्या हातापायांना जरा आराम मिळावा, बस्स.

माझी बायको मदिहा म्हणाली, "घरात त्या ऐकायच्या नाहीत. बाहेर कुठंतरी नेऊया. आणि तो अब्बांचा बंब कडेगावच्या जुन्या घरी धूळ खात पडलाय ना, तो घ्या."

बायकोचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

२

कडेगावच्या पूर्वेला ऊस संपतो आणि कुसळं सुरू होतात, तिथं तात्याबाचा माळ आहे. तात्याबा जातीचा धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन लांब-लांब जायचा, आता थोडी मेंढरं आणि थोडी डाळिंबं. अब्बा भांड्यांना कल्हई लावायला आणि बंब दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे, तेव्हा या बाजूला आले की मुक्काम त्याच्याकडेच. माळावर डोक्यावर पवनचक्क्या फिरतात, पण तिथली वीज तारांवरून कुठंतरी निघून जाते. खाली एक दिवा नाही.

जानेवारीतल्या सुट्टीत आम्ही तिथं तंबू ठोकला. तात्याबा काठीवर हनुवटी टेकून मजा बघत होता.

"आरं आसिफ, आमी जलमभर पालात काडली आन आता कुठं घर बांदलं. तुमी घर सोडून पालात ऱ्हायला आलाय व्हय?"

"तात्या, आवं तुमच्या पालात शॉवर होता का?"

"व्हता की. आषाढात."

अम्मा हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली. मग लगेच म्हणाली, "म्या हवा खायाला आलीया. आंगुळीचं नाव काडू नगंस." आणि ती तात्याबाच्या बायकोबरोबर, भामाबाईबरोबर, पलीकडं त्यांच्या घरी झोपायला गेली. तंबूत तिचे गुडघे आखडले असते, म्हणून तसंच ठरलं होतं.

मी कामाला लागलो. हा बंब अब्बांनी लग्नानंतर अम्मासाठी स्वतः ठोकून बनवलेला. तांब्याचा, पोटात मधोमध नळकांडं, त्यात लाकडं घालायची. बाजूला नरसाळं आणि वरच्या अंगाला तोटी. याला नळ नाही. नरसाळ्यात जेवढं गार पाणी ओताल तेवढंच गरम तोटीतून बाहेर ढकललं जातं. गार घातलं नाही तर गरम मिळत नाही. कडेगावच्या घरी बंब अंगणात असायचा आणि तोटी भिंतीतून न्हाणीत गेलेली. अम्मा आत बसायची, अब्बा बाहेरून पाणी घालायचे. एकमेकांना दिसायचे नाहीत, पण गप्पा चालायच्या, भाजीपासून भावकीपर्यंत. मी लहानपणी अंगणात खेळताना त्या ऐकलेल्या आहेत.

माळाच्या कडेला कातळाची पुरुषभर उंचीची पायरी आहे. बंब वर ठेवला, त्याच्याही वर दगडांच्या चौथऱ्यावर पाण्याचं निळं पिंप. पिंपातून नरसाळ्यात पाइप, मध्ये कॉक. तोटीतून खाली दुसरा पाइप आणि त्याला शॉवर. खाली चार बांबू, आतून हिरवी जाळी, बाहेरून ताडपत्री, वरही ताडपत्री. पायाखाली तात्याबानं दिलेल्या शहाबादी फरश्या, बसायला प्लास्टिकचं स्टूल. कॉक उघडला की खाली गरम पाणी, बंद केला की बंद. सांगायला साधं आहे, पण उतार, उंची, गळती सगळं जमवताना माझी कंबर मोडली.

३

संध्याकाळ व्हायच्या आधी मदिहानं पहिली आंघोळ करून बघायचं ठरवलं. मी वर कातळावर कॉकपाशी बसलो. बंबात बाभळीची लाकडं धडधडत होती, वाऱ्यानं धूर माझ्याच तोंडावर येत होता.

"सोडा," ती खालून म्हणाली. मी कॉक उघडला.

पाण्याचा आवाज ऐकणं हीच माझी नोकरी आहे. पाइपात हवा अडकली, व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय, कुठं गळतंय, सगळं मला आधी कानानं कळतं. पाणी फरशीवर पडतं तेव्हा ते फटाफटा पडतं. माणसाच्या अंगावर पडतं तेव्हा आवाज मऊ होतो, तुटतो, खांद्यावरून ओघळून मग फरशीवर उतरतो. मी तो मऊ आवाज ऐकत बसलो होतो. छान वाटत होतं. इतक्या उजाड माळावर आपण माणसाला ऊन पाणी देतोय याचा जरा अभिमानही वाटत होता.

"पुरे का अजून सोडू?" मी विचारलं.

उत्तर नाही.

"आगं, पिंप रिकामं करतेस का काय? अम्मासाठी ठेव थोडं."

तरी उत्तर नाही. पाणी मात्र अंगावरून ओघळत होतं.

"कुणाशी बोलताय?" मागून मदिहाचा आवाज आला. ती तंबूकडून चहा घेऊन येत होती, कपडे बदललेले, केसांना टॉवेल गुंडाळलेला.

"तू कधी आलीस वर?"

"मघाशीच. 'बास' म्हटलं की मी दोनदा. तुम्ही तंद्रीत होता."

मी तिच्याकडे बघत होतो आणि कान खाली होते. खाली आवाज अजून मऊच होता. फरशीचा नव्हता. मी कॉक बंद केला. पाणी थांबलं. मग थोड्या वेळानं ठिबक-ठिबक झाली. पाण्यातून बाहेर काढलेला हात खाली लोंबकळला तर बोटांवरून जशी होईल, तशी.

मी उतरून ताडपत्री बाजूला केली. आत वाफ, ओल्या फरश्या, स्टूल. दुसरं काही नाही. हिरवी जाळी एका बाजूला पाण्यानं जड होऊन आत झोल खात होती. पाणी तिच्यावर पडत असणार, म्हणून आवाज मऊ. मी जाळी ताणून बांधली आणि मदिहाला तसं समजावून सांगितलं.

"मी काही विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि चहाचा कप हातात दिला.

४

सकाळी ऊन वर आल्यावर मी बंब पेटवला. थंडी अशी की पिंपाचं झाकण हाताला चावत होतं. झाकण रात्री मी दोरीनं बांधलं होतं, गाठ तशीच होती. पाणी तापल्यावर खाली जाऊन हात शॉवरखाली धरला आणि मदिहाला वरून कॉक उघडायला सांगितलं.

पाणी हिरवट आलं.

आधी वाटलं तांब्याचा रंग. जुनं भांडं आहे, आतली कल्हई गेली असेल. मग वास आला. उग्र नाही, पाल्याचा. मी वर चढलो, पाइप काढून नरसाळ्यात बोट घातलं. पानं. छोटी, गोल, एका अंगानं पांढरट लव असलेली बोरीची पानं, शिजून मऊ झालेली. मूठभर तरी असतील.

माळावर बोरी खूप आहेत. पण पिंपाला झाकण होतं आणि नरसाळ्यात पाइप घट्ट बसवलेला होता. वारा कितीही हुशार असला तरी गाठ सोडून, पानं आत टाकून, परत गाठ मारत नाही. म्हणजे हे कुणीतरी केलं. मी तणतणत तात्याबाच्या घरी गेलो.

"तात्या, ही चेष्टा बरी न्हवं. बंबात बोरीचा पाला कुणी घातला?"

तात्याबाचा चेहरा बघून मलाच ओशाळं वाटलं. "म्या कशाला घालीन गड्या? मेंढरास्नी घालतो बोरी. बंबात कशाला?"

मी अम्माकडं बघितलं. ती चुलीपाशी बसली होती. भामाबाई तिच्या आधी बोलली, "त्या कुठं हालल्यात? रातभर माज्या वाकळंत व्हत्या. पाय दाबून दिलं म्या."

"काय घातलंय म्हनलास?" अम्मानं विचारलं.

मी सांगायला नको होतं. पण सांगितलं. ती उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि माळाकडं चालायला लागली. एरवी जिन्याच्या दोन पायऱ्यांना थांबणारी माझी आई कुसळातून एकदाही न थांबता आली. शॉवरखालच्या फरशीवर थोडं पाणी साठलं होतं. तिनं त्यात बोटं बुडवली आणि नाकाशी धरली.

"मी बंब रिकामा करतो. घासून परत भरतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. ह्याच पान्यानं करती म्या आंगूळ."

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वर जाऊन मी पिंपाची गाठ पुन्हा एकदा तपासली, हे खरं सांगतो.

५

मी परत कॉकपाशी. मदिहा टॉवेल घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली, कारण अम्मानं तिला आत येऊ दिलं नव्हतं. "मला यतंय की माजं," म्हणाली होती.

"सोड रं," खालून आवाज आला.

मी बेतानं सोडलं. एवढ्या काळानं गरम पाणी, एकदम चटका नको. खालून पहिल्यांदा एक लांब सुस्कारा ऐकू आला. मदिहानं माझा खांदा दाबला. वाटलं, जिंकलो.

मग अम्मा बोलायला लागली. हळू आवाजात, शब्द कळत नव्हते. दुआ म्हणत असेल, असं मी धरलं. पण दुआ एका लयीत असते. हे थांबत थांबत चाललं होतं. ती काहीतरी बोलायची, थांबायची, मग 'व्हय' म्हणायची. कडेगावच्या अंगणात मी जे ऐकलं होतं ते तसंच असायचं.

"आसिफ," तिनं हाक मारली. "जरा जास्त सोड. दोगास्नी पुरंना झालंय."

मदिहानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. माळावर ऊन लख्ख पडलं होतं. पलीकडं तात्याबाची मेंढरं चरत होती, पवनचक्कीचं पातं सावकाश फिरत होतं.

"दोघं कोण, अम्मा?"

"सोड की रं."

मी कॉक पूर्ण उघडला. शॉवर एक होता, पण खाली पाणी दोन ठिकाणी पडत होतं. एक आवाज वर, स्टुलाच्या उंचीवर. दुसरा खाली, फरशीला लागून, लांबट, पसरलेला. जाळीचा झोल मी काल काढला होता. दुसरं कारण शोधायला मी डोकं चालवलं आणि ते चाललं नाही.

अम्मा बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, बोटं सरळ झाली होती. चेहऱ्यावर इतकी शांतता मी अब्बा गेल्यापासून बघितली नव्हती. मदिहा तिला टॉवेलात गुंडाळत असताना ती आपल्याशीच बोलावं तशी बोलली.

"त्यांची उजवी बाजू झाली. डावी ऱ्हायली."

६

मी सरळ आवराआवरीला लागलो. पिंपाचा पाइप ओढून काढला, कॉक सोडवून पिशवीत टाकला, लाकडं बाहेर ओढून त्यांच्यावर माती घातली.

"काय चाललंय?" मदिहानं विचारलं.

"जायचं. दुपारच्या आत शिरवळ."

"त्या खूश आहेत, दिसत नाही का?"

"तेच दिसतंय. आंघोळ घालून झाली की पुढं काय करतात मयताचं? नेतात. मग ही काय करणार? मागं मागं जाणार?" माझा आवाज चढला होता. "मला आई पाहिजे. अब्बा गेले ते गेले."

मला भीती वाटत होती ती भुताची नव्हती, किंवा नुसती भुताची नव्हती. माझी आई इतक्या आनंदात कुठल्याच जिवंत माणसाशी बोलत नव्हती, आमच्याशीसुद्धा नाही. तिला तिकडंच बरं वाटायला लागलं तर मी काय करणार होतो?

अम्मा मागच्या उतारानं येऊन कातळावर माझ्याशेजारी बसली. ओले केस उन्हात मोकळे सोडलेले.

"भ्यालास व्हय?"

"न्हाई."

"मग निगालास कुटं?"

मी पान्हा खाली ठेवला. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात ऊन होते. त्यांची ती ऊब मी विसरूनच गेलो होतो.

"म्या चुकले बग," ती म्हणाली. "बायकुला नवऱ्याला आंगूळ घालता यती, पन त्यो ग्येल्यावर इद्दत पाळती तेवडी मुदतच. इद्दतीचे चार-पाच म्हयनं सरलं की हक बी सरतो. माजी कवाच सरली. मायेपोटी इसरून ग्येले आन हात लावला. मग ध्यानात आलं. मनून निम्म्यात थांबले."

"अम्मा, खाली कुणी नव्हतं."

"आसंल बाबा. नसंल कुनी." तिनं वाद घातला नाही. "पन आता माजं काम न्हाई त्ये. ल्योकाचं हाय."

मी खालच्या ताडपत्रीकडं बघितलं.

"म्या कुटं जात न्हाई," ती म्हणाली. मदिहाशी मी जे बोललो ते तिनं ऐकलं होतं. "मला तुज्या पोरांची लग्नं बगायची हायत, आदी पोरं तर हू देत. पन त्यो मानूस तसाच पडलाय की रं. निम्मा वला, निम्मा कोरडा. थंडी हाय."

ज्या बाईनं स्वतःला इतकी वर्षं गार पाण्यात ठेवलं, ती 'थंडी हाय' म्हणाली, आणि माझ्याकडं वाद घालायला काही उरलं नाही. बंबाला हात लावून बघितला. लाकडं काढून बराच वेळ झाला होता. तांबं अजून तापलेलंच होतं.

"पाइप काढलाय मी," मी म्हणालो. "कॉक बी."

"म्या घालती की तांब्यानं. इथंच बसून."

७

मी लुंगी लावून खाली उतरलो. मदिहा अम्माशेजारी वर थांबली, पिंपातून तांब्या भरून द्यायला. ताडपत्री बाजूला करताना मी मनाशी सगळा हिशेब लावून ठेवला होता. आत काही नसणार. मी अंगावर दोन तांबे पाणी घेणार, 'झालं' म्हणणार, आईचं समाधान होईल, आणि आपण जेवायच्या आत शिरवळच्या वाटेला लागू. आईसाठी एवढं नाटक करायला माझी हरकत नव्हती.

आत वाफ होती. इतक्या वेळानंतर ती तिथं असायचं कारण नव्हतं. ताडपत्रीतून येणाऱ्या उजेडानं सगळं निळं दिसत होतं. फरश्या ओल्या होत्या. स्टूल बाजूला, कोपऱ्यात सरकवलेलं होतं. मधल्या लांब फरशीचा उजवीकडचा भाग ओला होता आणि डावीकडचा ठणठणीत कोरडा, चार बोटं इकडं नाही की तिकडं नाही.

"घालू का?" अम्मानं वरून विचारलं.

"घाल."

तांब्याभर गार पाणी नरसाळ्यात गेल्याचा डबडब आवाज आला आणि शॉवरमधून गरम पाणी आलं. बोरीचा वास पसरला. पाणी माझ्या समोर, कोरड्या बाजूवर पडत होतं. आवाज मऊ होता.

फरशी ओली होत नव्हती.

मी गुडघ्यावर बसलो. पळावंसं वाटलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. पाणी फरशीच्या वीतभर वरच फुटत होतं आणि दोन्हीकडं ओघळत होतं. वाफ होती, उजेड कमी होता, माझे डोळे भरलेले होते, हे सगळं मी कोर्टात सांगावं तसं आधीच सांगून ठेवतो. सगळं काही मी बघितलं नाही. चेहरा नाही, खांदा नाही. मी वर बघितलंच नाही. माझ्या गुडघ्यापाशी जे होतं तेवढंच बघितलं.

डावा हात होता. कल्हईवाल्याचा. नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या, अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग. तळवा खाली. आणि हाताच्या मागच्या बाजूला, सलाइनची सुई टोचतात तिथं, दवाखान्यातली चिकटपट्टी अजून तशीच होती. कडांना मळ बसलेली, एका कोपऱ्यात वाकलेली. आंघोळच झाली नव्हती, तर ती काढणार कोण?

"गरम हाय का रं पानी?" वरून अम्मा.

"हाय," मी म्हणालो.

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या पट्टीवर सोडलं. परत घेतलं, परत सोडलं. हात गार होता, फार गार. पट्टी कोरडी ओढली तर मनगटावरचे केस उपटून येतात आणि झोंबतं. अब्बांना ते आवडायचं नाही, तापलेला तांब्याचा पत्रा धरणारा माणूस, पण चिकटपट्टी काढताना लहान पोरासारखा तोंड वाकडं करायचा. म्हणून मी घाई केली नाही. आधी एक कोपरा भिजवला. नखानं अलगद उचलला. मग थोडं पाणी, मग थोडी पट्टी. हाताखाली काहीतरी सैल होत गेल्यासारखं वाटलं, आणि बोटं, आतापर्यंत आखडलेली, हळूच उघडली.

"झालं का?" अम्मानं विचारलं.

"न्हाई अजून. तू घालत ऱ्हा," मी म्हणालो. "सावकाश घाल, अम्मा. घाई न्हाई."